आमच्यात चालत नाही

"खिचडीत कोथिंबीर? आमच्यात उपासाला चालत नाही!" सासूबाईंनी माझी ताटली उचलून उपास नसलेल्या सासऱ्यांपुढे सरकवली. त्यांनी ती चाटूनपुसून संपवली.

माझ्या वाट्याला केळं आलं. ते तसंच पडून राहिलं, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यातून कोथिंबीर काही जाईना.

"रक्तातली साखर उतरली की असं होतं," नवरा मोबाईलवरची नजर न काढता म्हणाला. "केळं खा, जाईल."

"साखर उतरली असती तर पेढा आठवला असता. माझी आई एकादशीला खिचडीवर मूठभर कोथिंबीर पेरायची. आम्ही भावंडं तिच्याभोवती कोंडाळं करायचो."

"मग राहायचं होतंस तिकडेच," सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या.

दिवसभर मला कशाची भूक लागली होती, ते त्या वाक्यासरशी कळलं. मी फ्रिजमधून जुडी काढली, नळाखाली धरली, त्यांच्यासमोर येऊन बसले आणि काड्यांसकट चावू लागले.

"अगं, मोडला की उपास तुझा!"

"नाही मोडला," मी तोंडातला घास गिळून म्हटलं. "आमच्यात चालते."