दोनशेंची हजेरी

सरकारी खर्चाने नागरिकांना एआय शिकवायच्या त्या वर्गात खुर्च्या दोनशे, माणसं अकरा आणि हजेरीपटावर सह्या मात्र रोज दोनशे. शिंपीणकाकूंचा जन्म लोकांची मापं घेण्यात गेलेला. वर्ग घेणाऱ्या साहेबांचं माप त्यांनी पहिल्याच दिवशी घेऊन ठेवलं होतं.

"मोबाइलवर कशाचाही फोटो काढा आणि बिनधास्त विचारा," साहेब छाती फुगवून म्हणाले. "लाजायचं नाही."

काकू लाजल्या नाहीत. त्यांनी टेबलावरच्या हजेरीपटाचा फोटो काढला, विचारलं आणि आलेलं उत्तर खणखणीत आवाजात वाचलं, "यातल्या एकशे एकोणनव्वद सह्या एकाच हाताच्या दिसतात."

साहेबांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं.



दुसऱ्या दिवशी दारावर पाटी होती: 'एआय प्रशिक्षण चालू आहे. आत मोबाइल आणण्यास सक्त मनाई.'