हिरवी लोकर

सप्टेंबरात ओरावा नदीतले ट्राउट तळाशी अळ्या टिपतात, म्हणून आम्ही गळाला लोकर गुंडाळून खोटी अळी करतो. कमरेएवढ्या पाण्यात मी आणि माझा शेजारी वेंडेलिन उभे होतो. त्याला माशामागून मासा, माझ्या गळाला नुसतं शेवाळ.

"लोकर कुठली रे?" शेवटी न राहवून मी विचारलं.

"जळ लेका, जळ! जुन्या स्वेटरची आहे. असा रंग दुकानात मिळायचा नाही."

त्यानं हसत अळी माझ्या तळहातावर ठेवली. हिरव्या लोकरीत तांबूस धागा. असा विणलेला एकच स्वेटर मला ठाऊक होता, माझ्या बायकोचा, झोफियाचा. अळ्यांसाठी मी तो कितीदा मागितला होता.

"कसर लागली त्याला. जाळून टाकला मी," झोफिया म्हणाली होती.