मोज्यांत गुंडाळलेलं

शिरपूरला घरी दीपमाला सातपुड्याच्या जंगलातल्या ट्रेकसाठी सॅक भरत होती. तंबू, दोरी, टॉर्च भरून झाल्यावर तिची आई भिकुबाई दशम्यांचा डबा ठेवायला आली. आत हात घालताच तिला तळाशी मोज्यांत गुंडाळलेली इन्सुलिनची पेनं आणि ग्लुकोजची पाकिटं लागली. “हाई काबरं लपाडं?” तिने विचारलं. “शुगर आहे म्हणून मागच्या ट्रेकला नेलं नव्हतं मला,” दीपमाला म्हणाली. “चक्कर ऊनी ते, लोक हाई कोठे शोधतीन?” आईने सगळं लेकीपुढे ठेवलं. मग दीपमालाने ट्रेक नेणाऱ्या भूपेंद्रला फोन लावून आजार सांगितला. “शुगर उतरली तर काय द्यायचं?” त्याने विचारलं. “ग्लुकोज. लगेच.” “मग थोडं माझ्याकडे दे. आणि वाटेत माझ्यापुढे चाल.” दीपमालाने पाकिटांचे दोन वाटे केले.