लाल दिसत नाही?

“सही इथे करा,” असं म्हणत लेआंद्रोने कागद टेबलावरून पुढे सरकवला.

दोन्या नीबियाने, म्हणजे नीबियाबाईने, कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वाळक्या भोपळ्याच्या पेल्याच्या कडेवर बोट ठेवून ती येर्बावर, तिकडच्या चहाच्या पानांवर, गरम पाणी ओतत होती. दुपारच्या उन्हामुळे खिडक्या लावलेल्या होत्या आणि खोलीत दिवा लावलेला नव्हता.

“लिहिताना मी ‘तू’ होते. दारात आल्यावर ‘तुम्ही’ झाले वाटतं?” ती म्हणाली. “वाचून दाखव.”

लेआंद्रोचं डोकं तडकलं. मोंतेविदेओहून पाच तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून तो पायसांदूला आला होता, तो काय हिचे नखरे बघायला? पण कागदावर गटातल्या बाकी चौघांच्या सह्या होत्या, तेव्हा त्याने घसा साफ करून वाचलं. ‘नीबिया एचेवेरी यांनी एकच बदल सात वेळा परत पाठवला आहे. त्यांच्यामुळे गार्साचं काम अडून पडलं आहे. त्यांनी कोड तपासण्याचा आणि कमिट करण्याचा, म्हणजे बदल आत घेण्याचा, अधिकार सोडावा.’

गार्सा म्हणजे नदीकाठच्या लोकांना पुराची सूचना देणारा प्रोग्रॅम. त्याला मालक नाही. सहा जण तो फुकट, हौसेने चालवतात, आणि दोघांनी तपासून होकार दिल्याशिवाय, किंवा एकानेही नकार दिला तर, त्यात एक अक्षरही बदलत नाही. नऊ वर्षांत या सहांपैकी कुणी कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं. जी काय भांडणं व्हायची ती लिहूनच, आणि लिहिताना माणसाची जीभ जरा जास्तच सुटते.

अडलेला बदल लेआंद्रोचाच होता. आधी प्रत्येक रस्त्याच्या नावापुढे शब्द यायचे: ‘धोका नाही’, ‘तयारीत राहा’, ‘घर सोडा’. मोबाईलवर ते नीट मावत नसत. त्याने शब्द काढून टाकले आणि नुसते रंग ठेवले, हिरवा, पिवळा आणि लाल. बाकीचे खूश झाले. नीबियाने मात्र दर वेळी खाली तीच ओळ लिहिली, ‘रंग पुरेसा नाही. शब्द लिहा.’ सातव्या वेळी लेआंद्रोचा तोल गेला आणि त्याने सगळ्यांदेखत लिहून टाकलं, ‘डोळे फुटलेत का तुझे? लाल दिसत नाही?’

“झालं वाचून?” नीबियाने पेन हातात घेतलं. “सही कुठे करायची?”

“इथे. खाली.”

“इथे म्हणजे कुठे, बाबा? माझं बोट धर आणि टेकव.”

तेव्हा कुठे लेआंद्रोने तिच्याकडे नीट पाहिलं. तिचे डोळे त्याच्याकडेच होते, पण चेहऱ्यावर नाही. त्याच्या कानाच्या थोडं पलीकडे, भिंतीवर. तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. स्वतःची ती ओळ त्याला आठवली.

“दोन्या नीबिया, मला... आम्हाला कुणालाच...”

“एकविसाव्या वर्षापासून,” ती म्हणाली. “तू लिहिलंस ते अगदी बरोबर होतं. माझ्या कॉम्प्युटरने मोठ्याने वाचून दाखवलं. बहीण आली होती चहाला, तिनेही ऐकलं.”

“मग सांगितलं का नाहीत?” तो जवळजवळ ओरडलाच. “एकदा तरी सांगायचं! मी लगेच शब्द ठेवले असते!”

“ठेवले असतेस की. बिचारी नीबिया म्हणून. आणि मी मेल्यावर काढून टाकले असतेस.”

नीबियाने टेबलाच्या टोकाचा कॉम्प्युटर चाचपून जवळ ओढला.

“मागच्या पुराचे आकडे घालून तुझा बदल चालवून पाहिलाय. ऐक.”

तिने एक बटण दाबलं. कॉम्प्युटरमधून बाईचा कोरडा, घाईघाईचा आवाज आला. “बंदर चौक. रिकामं. जुना पूल. रिकामं. सालादेरो रस्ता. रिकामं.”

पडद्यावर लेआंद्रोला सगळं दिसत होतं. एकही चौकट रिकामी नव्हती. प्रत्येक नावापुढे त्याने निवडलेला रंग ठसठशीत उभा होता.

नीबियाने आवाज थांबवला. “माझं घर सापडायला त्रास नाही ना झाला?”

“नाही,” तो पुटपुटला. दारावरची पाटी त्याने तासाभरापूर्वीच वाचली होती. सालादेरो रस्ता, चाळीस.

“मग सांग, माझ्या रस्त्यापुढे काय आहे?”

“लाल.”

“म्हणजे काय?”

“घर सोडा.”

“अस्सं,” नीबिया म्हणाली. तिने पेन डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताचं बोट त्याच्या आवाजाच्या दिशेने पुढे केलं. “आता हे बोट धरतोस, की ते दोन शब्द लिहितोस?”