डावीकडची भिंत

ताश्कंदला थिएटर बघायला जाताना मी हौसेनं साडी नेसले होते. जपानला, कावासाकीच्या घरी परतल्यावर शेजारच्या ऐंशी वर्षांच्या मोरिता-सानना मोबाइलवर तिथले फोटो दाखवत बसले.

त्या एकदम पुढे झुकल्या. "दाराच्या डावीकडची भिंत दाखवशील?"

"भिंत?"

"दुसरं महायुद्ध संपताना रशियनांनी बाबांना युद्धकैदी म्हणून तिथे नेलं होतं. ती भिंत त्यांनी बांधली. त्यांच्याबरोबरचा एक जण सुटून आला, त्यानं सांगितलं."

"आणि बाबा?"

"ते आलेच नाहीत. त्यांना नेलं तेव्हा मी आईच्या पोटात होते."

मी भराभर फोटो सरकवत गेले. एकूण एक फोटोत ती भिंत झाकून मीच हसत उभी होते.

"साडी छान आहे हं तुझी," मोरिता-सान म्हणाल्या.