मढ्यांनी न हलवलेली खुर्ची
सिनेमा कापणाऱ्यांनो, तुम्ही ल्युबामावशीला अख्ख्या गल्लीत खोटारडी ठरवलंत! जुन्या झॉम्बीपटाच्या नव्या आवृत्तीत तिने चालत्या प्रेताचं काम केलं होतं, पण पडद्यावर दिसलीच नाही. काल शेजारी तिच्याकडे डीव्हीडी बघायला जमले. “मावशी, सिनेमा संपला, तुझं मढं कुठे अडकलं?” शेजारच्या रेजिसने टोमणा मारला. “गप बस मेल्या! कापलेले प्रसंग शेवटी असतात.” आणि खरंच, शेवटच्या त्या प्रसंगात आमच्या पिट्सबर्गच्या बर्फाळ रस्त्यावरून रक्तबंबाळ प्रेतांचा लोंढा धावत आला, सर्वांत पुढे ल्युबामावशी! वाटेत कुणीतरी बर्फ उपसून गाडीसाठी जागा केलेली, ती राखायला स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवलेली; आमच्याकडे अशा खुर्चीला कुणी हात लावत नाही. मावशीने खुर्चीला अदबीने वळसा घातला. मागच्या एकूणएक प्रेतांनीही घातला. “परक्याची खुर्ची हलवायची कशी रे?” मावशी लाजली. रेजिस हसता हसता सोफ्यावरून घसरला. एवढ्यासाठी कापलंत? मेल्यावर माणूस शेजारधर्म विसरतो, हे तुम्हाला कोणत्या मढ्याने सांगितलं? बोला!