बोळाच्या तोंडाशी

दर संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराच्या नंदीध्वजाची उंचच उंच काठी पेठेतून निघाली, की गंगव्वाच्या जिवाला घोर लागायचा. काठी तिचा मुलगा सिद्धाप्पा तोलायचा, त्याची तिला काळजी नव्हती. काळजी होती ती सुनेच्या पदराची. मायाक्काच्या डोईवरचा पदर नेमका मैदानाकडं उघडणाऱ्या बोळाच्या तोंडाशी, चारचौघांत सुटायचा आणि वाऱ्यावर फडफडत राहायचा.

"दरवर्षी हितंच कसा गं सुटतो?" असं विचारलं, की सून पदर पुन्हा डोईवर ओढून घ्यायची.

यंदा गंगव्वा तिच्या शेजारीच उभी राहिली आणि तिच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवलं. काठी बोळाबाहेर आली. मैदानावरचा वारा शेंड्याला लागला, तशी ती वेताच्या छडीसारखी थरथरायला लागली. माणसं मागं सरली. सिद्धाप्पानं कसंबसं पाऊल रोवलं आणि काठी तोलता तोलता हळूच म्हणाला,

"अव्वा, तिचा पदर सोड की. वारं कुठनं येतंय, ते मला त्याच्यावरच कळतंय."

गंगव्वानं सुनेचा पदर सोडला. आणि जरा थांबून स्वतःचाही.